एन.पी.ओ.चा वेढा आणि हेडमास्तरांची फत्ते

इस्पितळाचे दुसरे मजल्यावर, पुरुषांचे वॉर्डात, खिडकीजवळील खाटेवर जे युद्ध जाहले त्याची हकिकत ज्याने त्याने आपले सोयीने सांगितली; कोणी हसून सांगितली, कोणी नाक धरून सांगितली. सबब खरे वर्तमान एके ठायी लिहून ठेवावे, ऐसे मनी आणून कलम हाती धरिले. यात पदरचे काही घातले नाही. घातले असेल तर थोडेच.

खासे हेडमास्तर शाळेचे तख्तावरून निवृत्त जाहले होते. करड्या शिस्तीचे, इस्त्रीचे सदऱ्याविना खिडकीतही उभे न राहणारे, चारचौघांत जांभईदेखील न देणारे आणि संक्षेपाचे हाडवैरी. कोणी पोराने 'इत्यादी'चे जागी 'इ.' लिहिले की वही परत आणि तोच शब्द पानभर लिहिण्याचे फर्मान. अर्धे लिहिणारा अर्धाच राहतो, ऐसे त्यांचे ब्रीद. ऐसियास एके दिवशी आतड्यास पीळ पडला आणि कळांनी जीव बेजार जाहला आणि मग चिरंजीव व सूनबाई यांनी त्यांस मोटारीत घालून इस्पितळी दाखल केले.

तेथे पाऊल ठेवितात तो चहूंकडे तुटक अक्षरांचा अंमल. ओ.पी.डी. म्हणजे बाहेरचे रोगी तपासावयाची जागा, तेथून आत घेतले आणि बी.पी. म्हणोन रक्ताचा दाब मोजिला आणि ई.सी.जी. म्हणोन काळजाचे ठोके कागदावर उतरविले आणि आय.व्ही. म्हणोन शिरेत सुई खोविली आणि मग ओ.टी. म्हणजे शस्त्रक्रियेचे दालनात नेऊन सर्जनसाहेबांनी पोट उघडोन पीळ सोडविला. हेडमास्तर शुद्धीवर आले तो उशाशी पांढऱ्या पाटीवर तीन अक्षरे तांबड्या शाईत: एन.पी.ओ.

वॉर्डाची किल्लेदार सिस्टर. ती पूर्वी यांचेच शाळेत शिकत होती आणि 'इ.' लिहिल्याबद्दल पानभर 'इत्यादी' लिहून बसली होती. तीस हेडमास्तरांनी पाटीचा जाब पुसला.

"सर, ते लॅटिन आहे. निल पर ओस. तोंडावाटे काहीही द्यायचं नाही. पाण्याचा घोटसुद्धा नाही."

लॅटिन ही कोणी जुनी पातशाही. तिचे तख्त केव्हाच बुडाले, परंतु तिची फर्माने इस्पितळांत अद्याप चालतात. मग हेडमास्तरांनी खाटेस टांगलेले कागदावरील हरएक अक्षराची झडती घेतली. ओ.डी. म्हणजे दिवसातून एकदा, बी.डी. म्हणजे दोनदा, टी.डी.एस. म्हणजे तीनदा, एच.एस. म्हणजे निजतेवेळी, एस.ओ.एस. म्हणजे गरज पडली तरच आणि स्टॅट म्हणजे या क्षणी, हात धुऊन लगेच. सगळे ऐकोन हेडमास्तर बोलिले की हे पूर्ण लिहावयास तुमचे काय जाते? सिस्टर नुसती हसली.

परंतु खरा प्रश्न चहाचा. हेडमास्तरांस चहाविना दिवस उजाडत नसे. हा वेढा कधी उठणार, ऐसे पुसता सिस्टरने खुलासा केला.

"पोटातला गॅस सुटला की. तो सुटला म्हणजे आतडं जागं झालं. तसं झालं की मला लगेच सांगायचं. मग आधी पाणी, मग चहा."

हे भाषण माईंसमक्ष, सूनबाईंसमक्ष आणि भर वॉर्डात जाहले. हेडमास्तर कानापर्यंत लाल जाहले आणि चादर हनुवटीपर्यंत ओढोन घेते जाहले. माई म्हणजे त्यांचे कुटुंब. त्यांनी तेथेच शपथ वाहिली की यांचे ओठास चहा लागेतो आपणही घेणार नाही. सूनबाईंनी थर्मास भरून आणिला होता, तो तसाच टेबलावर ठाण मांडून बसला.

दुसरे दिवशी सकाळी माई तोंड धुवावयास गेल्या होत्या आणि सूनबाई औषधे आणावयास गेल्या होत्या, तेव्हा हेडमास्तरांचे पोटात प्रथम गुरगुर आणि मग हालचाल जाहली आणि मग काही कळावयाचे आत तोफ सुटली. आवाज मातबर होता. कपाटापाशी उभी असलेली सिस्टर गर्रकन वळोन दोन खाटांचे मध्ये आली आणि फत्ते कोणाची ऐसे पुसती जाहली. हेडमास्तरांनी डोळे मिटोन गाढ निद्रेचे सोंग घेतले. अब्रूचे रक्षणार्थ अक्कल गहाण पडली, याहून वेगळे काय लिहावे?

शेजारचे खाटेवर ट्रकवाले होते. त्यांचेही पोट आदले दिवशीच शिवले होते आणि त्यांचेही पाटीवर तीच अक्षरे होती. माणूस मोकळे मनाचा.

"माझाच असेल, सिस्टर. झोपेत कळलं नाही. लिहून टाका."

तत्क्षणी त्यांचे पाटीवरील वेढा उठला आणि पाणी आले आणि काही वेळाने वाफाळता चहा आला. ट्रकवाले बशीत ओतोन, फुर्र फुर्र करीत प्याले. तो चहा न्यायाने हेडमास्तरांचा. त्यांनी मिटल्या डोळ्यांच्या फटीतून प्रत्येक घोट पाहिला आणि मनातल्या मनात गिळिला. ट्रकवाल्यांनी त्यावर स्वतःच्याही तोफा डागिल्या, सबब त्यांचे काही बिघडले नाही.

दुपारी सर्जनसाहेबांची स्वारी आली. सूनबाईंसमक्ष त्यांनी गॅसची विचारपूस केली आणि हेडमास्तर, ज्यांनी जन्मात खोटे हजेरीपट न लिहिले, ते साफ नाही म्हणाले. साहेबांची मुद्रा गंभीर जाहली. हुकूम सुटला की आतडे अद्याप निजले आहे. संध्याकाळपर्यंत जागे न जाहल्यास आर.टी. घालावी. आर.टी. म्हणजे नाकातून पोटात उतरावयाची नळी.

साहेब गेले आणि माई खाटेचे कडेवर बसल्या. ओठ सुकलेले, डोळे भरलेले. त्यांनी नवऱ्याचा हात हाती घेतला. हेडमास्तरांस नळीचे भय होतेच, परंतु माईंचे ते सुकले तोंड पाहोन काळजात चर्र जाहले. आपले अब्रूपायी ही बाई चहावाचून बसली आहे, आणि वर रडते आहे. लाज वाटली, आणि ती तोफेची नव्हे. मग त्यांनी घंटी दाबिली.

"सिस्टर, सकाळची ती... कामगिरी. ती या शेजारच्यांची नव्हती."

"मग कोणाची, सर? पूर्ण वाक्यात सांगा."

हे वाक्य कोणे एके काळी त्यांचेच होते. हेडमास्तरांनी सूनबाईंकडे न पाहता छताकडे पाहिले आणि ते कर्ता, कर्म, क्रियापदासहित बोलिले.

"सकाळी मी गॅस सोडला."

ट्रकवाले खाटेवर उठोन बसले. "अहो सर! मला वाटलंच, माझ्यात एवढा दम कुठून आला!"

सिस्टरने पोटास स्टेथास्कोप लावोन आतली गुरगुर ऐकिली, साहेबांस फोनवर कळविले, रुकार घेतला आणि पाटी पुसोन लेखणी उघडिली.

"काय लिहू, सर? सगळं पूर्ण लिहू? मोठ्या अक्षरात? आत्ता भेटायला येणाऱ्यांची वेळ होईल."

हेडमास्तरांचे डोळ्यांपुढे शाळेतील सगळे मास्तर, फळांच्या पिशव्या घेऊन रांगेने पाटी वाचीत उभे राहिले.

"नको, बाळ. संक्षेप लिही."

मग सिस्टरने 'एफ' लिहोन पुढे अधिकाचे चिन्ह मांडिले; एफ म्हणजे फ्लेटस, लॅटिनात पोटातला वारा, आणि अधिक म्हणजे तो सुटला. परका माणूस पाहील तर त्यास गणित वाटावे. हेडमास्तर त्या अक्षराकडे बहुत वेळ पाहत राहिले. संक्षेप कशास असतो, हे त्यांस तेव्हा उमगले.

पाण्याचे घोट जाहले, ते पोटात राहिले आणि मग ताज्या चहाने भरलेला थर्मास उघडिला. पहिला घोट हेडमास्तरांनी घेतला आणि दुसरा माईंनी. मग माईंनी डोळे पुसले आणि त्या हळूच, परंतु ट्रकवाल्यांस ऐकू जाईल ऐसे, बोलिल्या.

"एवढं लपवायचं काय त्यात? रोज झोपेत ऐकतेच की मी."

येणेप्रमाणे वेढा उठला, आतडे जागे जाहले, माईंची शपथ सुटली आणि हेडमास्तर टाके वाळवून स्वगृही सुखरूप पोचले. हल्ली जेवणानंतर खुर्ची संशयास्पद वाजली आणि सूनबाईंनी मान वर केली, तर ते वर्तमानपत्राआडून अदबीने 'एफ अधिक' ऐसे जाहीर करितात, आणि माई चहाचे आधण ठेवितात. फत्तेची नोंद केली असे.