मोरपिशी पिशव्या

शुक्रवारी दुपारी दोनच्या सुमारास फोन वाजला, तेव्हा टपालकाका भाजी धुतलेलं पाणी कुंड्यांना घालत होते. घरातलं वापरण्याजोगं पाणी मोरीत जाऊ द्यायचं नाही, हा त्यांचा नियम. म्हणून त्यांनी आधी पातेलं शेवटच्या थेंबापर्यंत रिकामं केलं आणि मगच फोन उचलला.

"काकू आहेत का?" पलीकडे मुख्याध्यापिकाबाई होत्या. हा आवाज गावातल्या निम्म्या लोकांनी लहानपणी ऐकला होता आणि अजूनही तो कानावर पडला की ते ताठ उभे राहत. टपालकाका त्यांचे विद्यार्थी नव्हते, तरीही राहिले.

"बाहेर गेलीय. दुसऱ्या कुणाच्या तरी अस्तराचं कापड आणायला."

"मग निरोप द्या. सहाला येते कोट न्यायला. उद्या माझा सेवानिवृत्तीचा कार्यक्रम आहे. तो मोरपिशी कोट हो! मी सगळ्यांना सांगून ठेवलंय, काकूंकडे शिवायला टाकलाय म्हणजे काळजी नाही. तीस वर्षांत त्यांनी ना कधी वेळ चुकवली, ना कुणाचं कापड बिघडवलं."

"नाही, तसं कधीच झालं नाही," टपालकाका अभिमानाने म्हणाले आणि फोन ठेवला. मग 'मोरपिशी' हा शब्द त्यांच्या डोक्यात सावकाश आत शिरला. ते जवळच्या स्टुलावर बसले.

टपालकाका पस्तीस वर्षं टपाल खात्यात पत्रांची वर्गवारी करत होते. निवृत्त झाले तेव्हा कार्यालयातलं चोवीस खणांचं जुनं लाकडी कपाट मोडीत निघत होतं, ते त्यांनी घरी आणलं. काही दिवस ते रिकामंच होतं. पण घरातल्या कचऱ्याला कुणी वालीच नाही, हे एके दिवशी त्यांच्या लक्षात आलं आणि हाताला पुन्हा काम मिळालं. कागद, काच, पत्रा, झाकणं, सुतळ्या, सगळ्याला खण झाले आणि खणांना चिठ्ठ्या लागल्या. नक्की कशाचं काय करायचं हे न कळणाऱ्या वस्तूंसाठी 'विचाराधीन' असा एक खण होता आणि तोच सगळ्यात भरलेला असे.

काकूंनी या उद्योगाला हरकत घेतली नव्हती. उलट शिवणाच्या खोलीतल्या चिंध्या त्या गाठोड्यात बांधून दाराबाहेर ठेवू लागल्या. अट एकच होती, खोलीचा उंबरठा ओलांडायचा नाही. दाराबाहेर असेल ते टपालकाकांचं, आत असेल ते काकूंचं.

गेल्या सोमवारी दाराबाहेर एकाच्या जागी दोन गाठोडी होती. दुसऱ्यात चांगले मोठाले चार तुकडे निघाले. जाड, उबदार, मोरपिशी. काकूंनी आपल्या मोहिमेला एवढं चांगलं कापड दिलदारपणे द्यावं, याने टपालकाकांना भरून आलं. मशीनला हात लावायची सोय नव्हती, तेव्हा त्यांनी हातानेच चार पिशव्या शिवल्या, तेही एकही तुकडा न कापता, नुसती घडी घालून. दोन पिशव्या रुंद झाल्या आणि दोन जरा लांबोडक्या. बुधवारी त्या इमारतीत चार घरी वाटल्या, प्रत्येकाकडून त्या बदल्यात प्लास्टिकच्या पिशव्या जमा करून घेतल्या आणि सवयीप्रमाणे पोचपावतीवर सह्याही घेतल्या.

आणि काल जेवताना काकू म्हणाल्या होत्या, "मुख्याध्यापिकाबाईंच्या कोटाला अजून बाह्या लावायच्यात."

आता स्टुलावर बसल्या बसल्या टपालकाकांना सगळं स्पष्ट दिसलं. काकूंनी खोली झाडायला काढली असणार, कामाचं गाठोडं क्षणभर बाहेर ठेवलं असणार आणि आपण ते उचललं. लांबोडक्या पिशव्या म्हणजे बाह्या आणि रुंद पिशव्यांचं कापडही त्याच कोटाचं! ते उंबरठ्याशी गेले आणि मान लांब करून आत पाहिलं. मशीनवर काही नव्हतं, टेबलावर काही नव्हतं, कपाटाला कुलूप होतं. बिचारीला बाह्या सापडत नसतील आणि ती आपल्याला बोलली नसेल. तीस वर्षांचं नाव आणि ते आपण चार पिशव्यांत घालून वाटून टाकलं.

पस्तीस वर्षांत त्यांच्या हातून एकही पत्र चुकीच्या खणात गेलं नव्हतं. पण चुकीच्या घरी गेलेलं टपाल परत कसं आणायचं, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी पोचपावत्यांची वही काखेत मारली. मोकळ्या हाताने कसं मागायचं, म्हणून 'प्लास्टिक' हा खण उघडला आणि त्याच लोकांकडून जमा केलेल्या पिशव्या बरोबर घेतल्या. घेताना त्यांनी डोळे मिटून घेतले.

तळमजल्यावर दाताच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. मोरपिशी पिशवी खुंटीवर लटकत होती आणि तिच्यात रुग्णांच्या जबड्यांचे प्लास्टरचे साचे होते.

"डॉक्टर, ती पिशवी परत हवी होती. तपासणीसाठी."

"तपासणी? पिशवीची?" डॉक्टरांनी रुग्णाच्या तोंडातून आरसा बाहेर काढला.

"टाक्यांची. सगळा माल परत मागवलाय."

"आणि साचे कशात ठेवू?"

टपालकाकांनी खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली. डॉक्टरांनी ती ओळखली, कारण तिच्यावर त्यांच्याच औषधवाल्याचं चित्र होतं.

"काका, बुधवारी तुम्ही मला या पिशवीबद्दल अर्धा तास सुनावलं होतं. ही म्हणे माझ्या पणतवंडांच्या पणतवंडांना पुरून उरणार."

"हो. म्हणजे टिकाऊ आहे," टपालकाका म्हणाले. खुर्चीतला रुग्ण तोंड उघडं ठेवूनच हसला.

पहिल्या मजल्यावरच्या बासरी शिकवणाऱ्या बाई इतक्या सहज ऐकणाऱ्या नव्हत्या. त्यांच्या लांबोडक्या पिशवीत तीन बासऱ्या बसल्या होत्या आणि त्या पिशवीवर त्या फार खूश होत्या.

"काय दोष आहे हिच्यात?"

"टाके कच्चे आहेत."

बाईंनी पिशवीचे दोन्ही कोपरे धरून जोरात ओढले. टाका हलला नाही. "पक्के आहेत."

"वरून पक्के वाटतात," टपालकाका म्हणाले. स्वतःच्या हातच्या शिवणीची अशी निंदा करताना त्यांना फार वाईट वाटत होतं. "बासऱ्या जिन्यात पडल्या तर?"

हे मात्र लागू पडलं. पण बाईंनी पिशवी देताना त्यांच्याकडून उलट पोचपावती लिहून घेतली आणि 'सोमवारपर्यंत परत' असं खाली स्वतःच्या अक्षरात घातलं.

तिसऱ्या मजल्यावरचे आजोबा दुसऱ्या लांबोडक्या पिशवीत पाय घालून बसले होते. "एकच पाय गार पडतो हो माझा," ते म्हणाले. "तुम्ही मोजासुद्धा वाटताय, हे फार चांगलं केलंत. याचा जोड कधी येतोय?"

आजोबांच्या पायातून ती काढून घेणं टपालकाकांच्या जिवावर आलं. प्लास्टिकची पिशवी पुढे करण्यात अर्थ नव्हता. शेवटी ते घरी जाऊन स्वतःचे लोकरीचे मोजे घेऊन आले आणि आजोबांना घालून दिले. आजोबांनी समाधानाने विचारलं, "आणि टोपी?"

चौथी पिशवी दुसऱ्या मजल्यावरच्या परिचारिकेकडे होती. तिच्या दाराला कुलूप होतं. ती कामावरून सहाला येते, असं शेजाऱ्यांनी सांगितलं. टपालकाकांनी दारावर चिठ्ठी लावली, 'कृपया पिशवीसह त्वरित भेटावे', आणि ते घरी परतले.

साडेपाचला काकू आल्या, तेव्हा टपालकाका स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून टाके उसवत होते. समोर दोन लांबोडके तुकडे पसरलेले, शेजारी दोऱ्यांचा ढीग. दोरेसुद्धा टाकायचे नव्हते.

काकूंच्या हातातलं पुडकं तिथेच खाली पडलं. "अहो, हे काय? हे कुठून आलं परत?"

"आधी बस. पाणी पी," टपालकाका म्हणाले. "चूक माझी आहे. तुझं कामाचं गाठोडं मी चिंध्या समजून उचललं. पण काळजी करू नकोस, चारातले तीन तुकडे मी आणलेत, चौथा सहाला येईल. मी एक धागाही कापलेला नाही. मुख्याध्यापिकाबाईही सहालाच येतायत, त्यांना मी गप्पांत गुंतवतो. तू बाह्या जोडायला घे."

टपालकाकांनी घाईघाईने दोन्ही बाह्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या, चकचकीत बाजू वर करून, म्हणजे काकूंना वेळ लागू नये. आणि ठेवता ठेवता त्यांचा हात थांबला. पस्तीस वर्षांची नजर होती. शेकडो पाकिटांतलं उलटं पाकीट त्यांना दुरून दिसायचं.

"अगं," ते सावकाश म्हणाले, "या दोन्ही डाव्या आहेत."

काकू खुर्चीत बसल्या.

टपालकाकांनी डॉक्टरांच्या पिशवीचे टाके उसवले आणि तो तुकडाही पसरला. "आणि हा पुढचा भागही डावा."

"चौथाही डावाच आहे," काकू म्हणाल्या. "कापड दुमडून कापायचं असतं, सुलटी बाजू आत घेऊन. म्हणजे एक डावा निघतो, एक उजवा. मी दोन तुकडे एकावर एक ठेवले आणि दोन्ही सुलटे वर. कात्री चालवून झाली आणि मग दिसलं. तीस वर्षांत पहिल्यांदा! मी तशीच दुकानात गेले, त्याच ठाणातलं कापड पुन्हा आणलं, कोट शिवून कपाटात कुलपात ठेवलाय. काल राहिलेल्या बाह्या सकाळीच लावल्या."

"मग ते गाठोडं?"

"मुद्दाम ठेवलं होतं. म्हटलं, तुमच्या हाती दिलं की त्याचं काहीतरी होऊन जाईल आणि घराबाहेर पडेल. बुधवारी पिशव्या वाटून आलात, तेव्हा कुठे मला शांत झोप लागली. आणि तुम्ही तोच पुरावा दारोदार फिरून गोळा करून आणलात! त्याही नेमक्या सहा वाजायच्या आत!"

टपालकाकांना हसू येत होतं, पण काकूंचे डोळे भरून आले होते, म्हणून ते हसले नाहीत. "मला सांगितलं असतंस तर?"

"लाज वाटली. बाई गावभर माझं नाव सांगत फिरतात आणि मी दोन्ही बाह्या डाव्या कापते. कळलं तर म्हणतील, काकूंची नजर गेली आता."

दोघांनी तीनही तुकडे गुंडाळून 'विचाराधीन' खणात कोंबले. घड्याळात सहाला पाच मिनिटं होती. आणि तेवढ्यात टपालकाकांना दुसऱ्या मजल्यावरच्या दारावरची चिठ्ठी आठवली.

ते धावत जिन्याकडे गेले, पण उशीर झाला होता. मुख्याध्यापिकाबाई वर येत होत्या आणि त्यांच्या शेजारून, गप्पा मारत, परिचारिका. तिच्या हातात मोरपिशी पिशवी होती आणि दुसऱ्या हातात चिठ्ठी.

"काका, पिशवी घेऊन त्वरित भेटा म्हणालात ना? आले बघा," ती म्हणाली. पिशवीतून पाव आणि डबा काढून घेऊन तिने ती टपालकाकांच्या हातात दिली आणि खाली निघून गेली.

मुख्याध्यापिकाबाई आत आल्या. कोट त्यांनी घालून पाहिला, आरशासमोर दोनदा वळल्या. कोट सुरेख झाला होता. पण त्यांची नजर आरशातूनच टपालकाकांच्या हाताकडे लागली होती.

"काकू, ती पिशवी माझ्या कोटाच्या कापडाची आहे. आणि ती काही चिंधी नाही, चांगला मोठा तुकडा आहे. हे कसं काय?"

काकू कोटावर नसलेली सुरकुती झटकू लागल्या. टपालकाका एक पाऊल पुढे झाले.

"बाई, गुन्हा माझा आहे," ते म्हणाले. "हिने कोट कापून ठेवला होता. मी ते तुकडे चिंध्या समजून उचलले आणि त्यांच्या पिशव्या शिवून लोकांना वाटल्या. हिने बिचारीने दुकानातून पुन्हा कापड आणलं, पुन्हा कापलं, पुन्हा शिवलं आणि तेही वेळेत. तुम्हाला कळूही दिलं नाही."

ते जराही अडखळले नाहीत. दुपारभर हेच खरं मानून त्यांनी घाम गाळला होता.

मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा काढला. चष्मा निघाला म्हणजे पुढे काय होतं, हे त्यांच्या सगळ्या विद्यार्थ्यांना माहीत होतं. टपालकाकांना ते त्या दिवशी कळलं. दुसऱ्याच्या वस्तूला न विचारता हात लावणं, अर्धवट माहितीवर उत्साह दाखवणं आणि वयाबरोबर यायला हवी ती जबाबदारी, या तीन विषयांवर त्या सलग बोलल्या. टपालकाका हात मागे बांधून मान खाली घालून ऐकत होते.

"कसं निभावता हो यांच्याबरोबर?" शेवटी त्यांनी काकूंना विचारलं. "दुसरी कुणी असती तर कोट झालाच नसता. कमाल आहे तुमची!"

"निभावते कसंतरी," काकू पुटपुटल्या.

बाई गेल्यावर काकूंनी टपालकाकांच्या हातातून पिशवी घेतली आणि टाके पाहिले. "टाका चांगला घालता तुम्ही," त्या म्हणाल्या. "उसवू नका. उद्यापासून आत येऊन बसत जा, मशीन दाखवते." आणि पदराने डोळे पुसून त्या खोलीत गेल्या. दार त्यांनी उघडंच ठेवलं.

दुसऱ्या दिवशी निरोपाच्या भाषणात मुख्याध्यापिकाबाईंनी कोटाची हकीकत सगळ्यांना सांगितली. काकूंचं नाव आणखी मोठं झालं. टपालकाकांचंही झालं, पण वेगळं. रविवारी ते गच्चीवर गेले, तर बायकांनी वाळत घातलेले कपडे भराभर ओढून घेतले. बासरीच्या बाईंनी दार फक्त चार बोटं उघडलं. सोमवारी दाढ दुखत होती म्हणून ते दवाखान्यात शिरले, तर डॉक्टरांनी खुंटीवरचा पांढरा डगला आधी स्वतःच्या अंगात चढवला, वरपासून खालपर्यंत बटणं लावली आणि मग विचारलं, "बोला काका, काय त्रास आहे?"

टपालकाकांनी मान खाली घातली, अपराध्यासारखं दिसावं म्हणून. पण मग डॉक्टरांनी तोंड उघडायला सांगितलं आणि त्यांना हसू काही आवरता आलं नाही.