छायाचित्रकार निवडणेबाबत

लग्नाने दोन घराणी जोडली जातात हे खरे असले, तरी ती जोडली गेली की नाही हे अल्बम हातात आल्याशिवाय खात्रीने सांगता येत नाही. पूर्वीचे लोक अग्नी, ब्राह्मण आणि वऱ्हाडी यांच्या साक्षीवर भागवत. यांपैकी अग्नी विझतो, ब्राह्मणाला पुढचे लग्न असते आणि वऱ्हाडी जेवले की निघतात. (काही आधीच जेवतात.) उरतो तो छायाचित्रकार. म्हणून नवरदेव निवडताना एखादी चूक खपते, छायाचित्रकार निवडताना खपत नाही.

आमच्या वडगाव रासाईत हे तत्त्व पोपटरावांनी सर्वांआधी ओळखले. पोपटराव आमच्या दूध संस्थेचे चेअरमन, मी सचिव. त्यांच्या एकुलत्या मुलीचे, सायलीचे, दौंडच्या विक्रमशी ठरले तेव्हा नवरदेवाची चौकशी त्यांनी एका फोनवर उरकली. छायाचित्रकारासाठी मात्र उपसमिती नेमली. पोपटराव अध्यक्ष, त्यांच्या पत्नी सारजाबाई महिला प्रतिनिधी (चहापुरत्या) आणि मी इतिवृत्तलेखक.

एवढ्या खबरदारीला कारण होते. अठ्ठावीस वर्षांपूर्वी पोपटरावांच्या स्वतःच्या लग्नात एका मित्राने हौसेने दिवसभर फोटो काढले. हळद, देवक, वरात, काही सोडले नाही. संध्याकाळी लक्षात आले की कॅमेऱ्यात रोलच घातलेला नव्हता. त्यामुळे पोपटराव आणि सारजाबाई यांचे लग्न झाल्याचा कोणताही पुरावा आज उपलब्ध नाही. (सारजाबाई भांडणात हा मुद्दा काढतात.)

"माझं ऱ्हाऊद्या," पोपटराव पहिल्याच सभेत म्हणाले. "पन सायलीला सासरी धाडताना माझा आन् तिचा येक फोटू पायजे. येकच. बाकी तुमी कुनाचं बी काढा."

ही मागणी मी इतिवृत्तात जशीच्या तशी नोंदवली आहे.

उमेदवार दोन होते. पहिला गोकुळ. सायलीच्या शाळेतला, आता रांजणगावच्या एका कंपनीत क्वालिटीला. दिवसाकाठी तीन हजार लोखंडी नटांचे फोटो काढून त्यांतले वाकडे हुडकणे हे त्याचे काम. सुट्टीच्या दिवशी गावातल्या लग्नांचे फोटो काढतो. गावात असे एकही घर नाही जिथे त्याने काढलेला फोटो भिंतीवर नाही, आणि त्या फोटोंतली माणसे ओळखू येतात, म्हणजे हौशीपणा उघडच होता. शिवाय नट हलत नाहीत, वऱ्हाडी हलतात. निर्णायक मुद्दा असा की बिनरोलचा तो मित्र म्हणजे गोकुळचे वडील. हा गुण रक्तात असतो.

"आप्पा, आता कॅमेऱ्याला रोल नसतो," गोकुळने सांगून पाहिले.

"बघा," पोपटराव समितीकडे वळून म्हणाले. "ह्याच्याकडं बी न्हाई."

दुसरे उमेदवार शिरूरचे स्वराज सर. वय पंचवीस, पण सर. त्यांनी आम्हाला काचेच्या दाराबाहेर पाऊण तास बसवले, तेव्हाच आमचे निम्मे मत झाले होते. आत गेल्यावर त्यांनी लग्नाची तारीख विचारली नाही. "स्टोरी काय आहे?" असे विचारले.

"म्हंजी?" पोपटराव म्हणाले.

"तुमच्या लग्नाची स्टोरी, काका."

"पोरगी सासरी चाललीय."

"ते सगळ्यांचंच असतं," स्वराज सर म्हणाले आणि खिडकीबाहेर पाहू लागले. इतका मोठा माणूस आपल्या घरच्या कार्याला येणार या विचाराने पोपटराव खुर्चीतून उठून उभे राहिले.

ठराव सर्वानुमते मंजूर झाला. करारनाम्याचा मसुदा मात्र संस्थेच्या कपाटात नव्हता. मग मी दूध खरेदीचाच छापील करार घेतला आणि लागेल तिथे शब्द खोडून नवीन लिहिले. कलम नऊ पुढीलप्रमाणे तयार झाले: "प्रतीबाबत स्वराज सरांचा निर्णय अंतिम व बंधनकारक राहील. कमी प्रतीचे नातेवाईक नाकारण्याचा हक्क त्यांना राहील व नाकारलेल्या मालाची जबाबदारी पुरवठादाराची राहील." पोपटरावांनी खाली सही केली. संस्थेच्या कागदावर ते न वाचताच सही करतात, आणि तेवढ्याच निष्ठेने तो पाळतात. एकदा त्यांनी सख्ख्या भावाचे दूध फॅट कमी लागले म्हणून परत पाठवले होते.

लग्न न्हावरा रस्त्यावरच्या मंगल कार्यालयात होते. दारातच प्रतवारी सुरू झाली. एकूण सहाशे चाळीस पाहुण्यांपैकी एकशे बारा जण पुढच्या रांगेस पात्र ठरले, दोनशे ऐंशी जण "लांबून, धूसर चालतील" या शेऱ्यासह मागे बसले आणि उरलेल्यांना थेट जेवायला पाठवले. (यांच्याकडून एकही तक्रार आली नाही.) नवऱ्याचे सख्खे चुलते चट्ट्यापट्ट्यांच्या शर्टामुळे बाद झाले. नवरीच्या भामाबाई आत्या पास झाल्या, पण हसू नये या अटीवर.

लोक मध्ये मध्ये मोबाईल काढतात आणि चित्र नासवतात, म्हणून मोबाईलबंदी होती. सगळे मोबाईल संस्थेच्या दुधाच्या अकरा कॅनमध्ये भरून मी झाकणांना सील मारले. गोकुळने गळ्यात कॅमेरा अडकवून आणला होता, तोही कॅनमध्ये गेला. त्याला जिलेबीचे ताट दिले. मंगलाष्टकांच्या वेळी अकराही कॅन आतून वाजत होते आणि काही ज्येष्ठांनी त्या आवाजावरच अक्षता टाकल्या.

मुहूर्त बारा छत्तीसचा होता, पण त्या वेळचा उजेड कडक असल्याने स्वराज सरांनी तो नाकारला. भटजींनी पंचांग पुन्हा काढले आणि पावणेपाचला आणखी शुभ मुहूर्त असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. हार घालण्याचे आठ प्रयोग झाले. सहाव्या प्रयोगात विक्रमने सायलीला विचारले, "आपलं झालं का न्हाई अजून?" तिलाही माहीत नव्हते.

शेवटी पाठवणी आली. पोपटराव सकाळपासून याचसाठी थांबले होते. नवा फेटा, नवे धोतर, आरशासमोर घोटून घेतलेली दाढी. स्वराज सरांनी हात वर केला. सायली गाडीजवळ उभी होती. पोपटराव तिच्यापाशी गेले आणि म्हणाले, "डब्यात तूप हाय, आडवा धरू नको."

"कट. काका, काहीतरी फील पाहिजे."

दुसऱ्यांदा पोपटराव म्हणाले, "खिडकीशी बस. तुला मळमळतं."

तिसऱ्यांदा त्यांनी कॅमेऱ्याकडे पाठ केली, उपरण्याचा बोळा तोंडात धरला आणि नुसते उभे राहिले. त्यांचे खांदे हलत होते.

"फेस दिसत नाही," स्वराज सर हळहळून म्हणाले. "हे वाया चाललंय सगळं." आणि त्यांनी कलम नऊ वापरले.

स्वराज सरांच्या व्हॅनमधून सोपानराव उतरले. सोपानराव हे व्यवसायाने वधूपिता. भरघोस पांढऱ्या मिशा, रुंद कपाळ, डाव्या डोळ्यातून आधी आणि उजव्यातून मागाहून पाणी काढण्याचे कसब. आतापर्यंत त्यांनी एकतीस मुली सासरी पाठवल्या होत्या. (स्वतःला मुलगी नाही. त्यामुळे मन एकाग्र राहते.)

"आप्पा, तुमी बिनघोर ऱ्हावा," ते पोपटरावांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. "रडायचं माझ्याकडं."

"आवो, पन पोरगी माझी हाय."

"व्हय की. तुमचीच ऱ्हाती. म्या निस्ता धाडतो."

पोपटरावांनी माझ्याकडे पाहिले. मी सचिव आहे. मी करार काढला आणि कलम नऊ सर्वांसमक्ष वाचून दाखवले. खाली त्यांचीच सही होती. गोकुळ जिलेबीचे ताट ठेवून धावत आला आणि म्हणाला, "सचिव, येक कॅन उघडा. मी पटकन येक फोटू काढतो आप्पांचा." मी त्याला सांगितले की सील तोडायला सभेची मंजुरी लागते आणि कोरम पांगला आहे. हे नियमाला धरूनच होते. माझा हात मात्र त्या वेळी एका सीलपर्यंत जाऊन आला, हे मी इथे लिहितो, इतिवृत्तात लिहिलेले नाही.

रिकामा माणूस उभा आहे असे पाहून स्वराज सरांच्या माणसाने पोपटरावांच्या हातात चंदेरी पत्रा दिला. मावळतीचे ऊन त्यावर घेऊन नवरीच्या तोंडावर पाडायचे होते. पोपटरावांनी ते काम चोख केले. हात जराही हलू दिला नाही. सायलीने एकदा मान वळवून उजेड कुठून येतोय ते पाहिले.

"सायली, इकडे," स्वराज सर ओरडले. "बाबांकडे बघ."

ती सोपानरावांकडे बघू लागली. त्यांचा डावा डोळा भरून आला होता. पहिल्याच प्रयत्नात दृश्य मंजूर झाले आणि गाडी दौंडच्या दिशेने गेली.

अल्बम दोन महिन्यांनी आला. वजन नऊ किलो. त्यात भीमा नदी आहे, ड्रोनने घेतलेले उसाचे फड आहेत, स्वराज सरांचे नाव प्रत्येक पानावर आहे. पोपटराव एकतिसाव्या पानावर आहेत, पत्र्याच्या कडेला धरलेली चार बोटे. ही चूक नजरेतून सुटल्याबद्दल स्वराज सरांनी दिलगिरी व्यक्त केली आणि बोटे पुसून देण्याची तयारी दाखवली.

"नगं," पोपटराव म्हणाले. "ऱ्हाऊद्या तेवढी."

पुढच्या आठवड्यात ते मुलीला माहेरी आणायला दौंडला गेले. विक्रमच्या शेजारणीने त्यांना फाटकातच अडवले. "सायलीचे वडील आम्ही बघितलेत," ती म्हणाली, "मिशावाले." सायली बाहेर येईपर्यंत पोपटराव फाटकाबाहेर उभे होते.

शेजारणीचीही चूक नाही. पाठवणीचा चार मिनिटांचा व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर आहे, तिथून तो दौंडलाही पोचला. खाली चारशे बारा जणांनी लिहिले आहे: बाप असावा तर असा, काळजाला हात घातला, या बापाला सलाम. सचिव या नात्याने मी ती नावे एकेक करून वाचली. बहुतेक सगळे लग्नाला होते. त्यांना पोपटरावांनी दारात नमस्कार केला होता, पंगतीत आग्रहाने वाढले होते. तुम्हीही होतात. तुमचे नाव यादीत दोनदा आहे.