मैदानाशेजारची शेवटची जागा

"जागा आहे," कौन्सिलमधल्या बाई म्हणाल्या, आणि विल्फ टॅटरसॉलच्या हातातला चहा सांडता सांडता राहिला.

हे दोन शब्द ऐकण्यासाठी तो नऊ वर्षे झुरत होता. थॅकरिज टाऊन फुटबॉल क्लबचे जुने मैदान विकले गेले, तिथे सुपरमार्केट उभे राहिले, आणि तेव्हापासून क्लब मार्लबीच्या मैदानावर आश्रिताप्रमाणे खेळत होता. मार्लबी म्हणजे तीन पिढ्यांचे वैरी. सेक्रेटरी म्हणून दर शनिवारी त्यांच्याकडे किल्ली मागायला विल्फलाच जावे लागे. त्यात त्याच्या बायकोची राख जुन्या मैदानाच्या कोपऱ्यात मिसळलेली. तिथे आता गोठवलेल्या मटारांचा फ्रीझर होता. विल्फ दर गुरुवारी त्याच्यासमोर टोपी काढून दोन मिनिटे उभा राहायचा आणि लोक बघतात म्हणून मटार घेऊन घरी यायचा.

"दफनभूमीला लागून आहे," बाई म्हणाल्या. "पुढच्या कबरींसाठी राखलेलं शेत. पण एक अट आहे हं, मिस्टर टॅटरसॉल. जुन्या भागात अकरा जागा उरल्यात. त्यातली शेवटची भरली, की शेत आम्हाला परत."

"अकरा भरायला किती दिवस लागतील?"

"अहो, हल्ली सगळ्यांना दहनच हवं असतं. वर्षाला एखादी भरली तर भरली."

विल्फने तिथल्या तिथे सही ठोकली.

सप्टेंबरात पहिला सामना झाला. पाऊस, चिखल आणि तीन गोलांनी हार. तरी म्हातारी मंडळी ढसाढसा रडली, कारण हरलो ते आपल्या घरात हरलो. सामना संपल्यावर ऐंशी वर्षांचा सिडनी कुंपणापलीकडे बघत म्हणाला, "इथं पडल्या पडल्या मॅच ऐकू येईल की रे!"

इथेच सगळे फिसकटले. कालपर्यंत राख होऊन वाऱ्यावर जायला तयार असलेल्या माणसांना आता कुंपणाकडेची कबर हवीशी झाली. ऑक्टोबरात दोन भरल्या. नोव्हेंबरात तीन. डिसेंबरात फ्लू आला आणि विल्फची झोप उडाली. तो घरोघरी सूप पोचवू लागला, म्हाताऱ्यांना हाताला धरून लशीला नेऊ लागला. सिडनीने अंथरूण धरले तेव्हा तर विल्फने हातच जोडले.

"सिडनी, दहन कर ना रे. किती सुटसुटीत असतं!"

"साठ वर्षं या क्लबनं मला रडवलंय, विल्फ. आता शेजारी पडून राहायचा हक्क नाही मला?"

"आहे रे बाबा. पण तुम्ही सगळे असे आडवे व्हायला लागलात, तर क्लब राहणार कुठे?"

सिडनी त्याच आठवड्यात गेला, क्लबचा मफलर गळ्यात घालून. फेब्रुवारीत एकच जागा उरली. विल्फ पुन्हा कौन्सिलमध्ये गेला आणि ती त्याने स्वतःच्या नावावर करून घेतली.

"नावावर झाली, पण भरली नाही ना?" त्याने विचारले.

"तुम्ही मरेपर्यंत नाही."

"मग मी मरत नाही," विल्फ म्हणाला.

क्लबच्या सभेत हे कळताच टाळ्यांचा कडकडाट झाला. तीस वर्षांत कोणी त्याच्यासाठी टाळी वाजवली नव्हती. अध्यक्ष एनिडबाईंनी डोळे पुसले आणि तिथेच त्याच्या खिशातला तंबाखूचा पाइप काढून घेतला.

"अगं एनिड..."

"गप बस. तुझा जीव आता तुझा एकट्याचा नाही."

दुसऱ्या दिवसापासून त्याच्या ताटात उकडलेला कोबी आला. शिडीवर चढायचे नाही, बिअर प्यायची नाही. एकदा तो शिंकला तर समितीची तातडीची बैठक भरली. मार्चमध्ये मार्लबीविरुद्धचा सामना आला, तेव्हा एनिडबाईंनी त्याला त्याच्याच घरात दोन ब्लँकेटांत गुंडाळून हीटरसमोर बसवले.

"या गारठ्यात उभा राहणार? छाती भरली म्हणजे?" एवढे बोलून त्यांनी बाहेरून कुलूप घातले.

लांबून गलका ऐकू येत होता. गोल कुणी केला तेही कळत नव्हते. नऊ वर्षे वणवण करून ज्याने घर मिळवले, त्यालाच आत पाऊल टाकायची बंदी. विल्फला भडभडून आले.

इतक्यात मागच्या खिडकीवर टकटक झाली. बाहेर मार्लबीचा सेक्रेटरी क्लाइव उभा होता, हातात तेलाने निथळणारे मासळी-चिप्सचे पुडके घेऊन.

"चल, मॅचला. गोलच्या मागे जागा धरलीय. वर छप्पर नाही, वारा सरळ अंगावर येतो. गाराही पडतील म्हणतात."

"माझ्या जिवावर उठलायस का रे?"

"उठलोयच," क्लाइव म्हणाला. "तुम्ही गेल्यापासून आमचं मैदान ओकंबोकं झालंय. टोमणे मारायला माणूस नाही. परत या ना."

इतक्या आठवड्यांत विल्फला सामन्याला चल म्हणणारे हे पहिलेच माणूस. त्याने ब्लँकेटे फेकली, खिडकीतून पाय बाहेर टाकला आणि उतरता उतरता एक चिप तोंडात टाकली.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.

"जास्तीचं आणलंय," म्हणत क्लाइवने खिशात हात घातला.