हातांवर बसणारा नितीन

आर्या, कबीर, परवा फोनवर तुम्ही मला म्हणालात, "आजी, तुला नाही जमणार, औषधं आम्हीच इथून मागवतो." मी फोन ठेवून दिला. राग अजून उतरलेला नाही, म्हणून आज लिहायला घेतलं.

आपल्या हरिशंकरपुरमच्या घरात वरच्या मजल्यावर नितीन भाड्याने राहायचा. तो स्वतःच्या हातांवर बसायचा. अक्षरशः, दोन्ही तळवे मांड्यांखाली. सॉफ्टवेअर तपासणं ही त्याची नोकरी. त्यांच्या कंपनीचं औषधं मागवायचं ॲप माझ्या हाती देऊन तो समोर असा बसे. मी अडले आणि विचारलं, तर म्हणे, "मैं कुछ नहीं बोलूँगा, काकू. एकट्या असतात तर काय केलं असतं, तेच करा." एकदा आत दूध उतू गेलं. त्याने ते मला सांगितलं, पण हात बाहेर काढले नाहीत.

एकदा ऑर्डर देऊन झाल्यावर मी ॲपच्या मागच्या पानावर जाऊन पत्ता पुन्हा वाचला. उत्तरपत्रिकेवरून शेवटी नजर फिरवायची, ही माझी शाळेपासूनची शिस्त. पत्ता बरोबर होता, म्हणून पुन्हा बटण दाबलं. ऑर्डर दोनदा गेली. मी ओशाळले, पण नितीनचा चेहरा खुलला. "चूक तुमची नाही, ॲपची आहे. परत करा, बिल्कुल तसंच." सात वेळा करायला लावलं मेल्याने.

मग त्यांची कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली. दोन्हीकडच्या लोकांची एक टीम झाली. दर पंधरा दिवसांनी सगळ्यांनी बसून काय चुकलं, काय सुधारायचं ते मोकळेपणाने बोलायचं, ही नितीनच्या टीमची चांगली पद्धत. एकदा नितीनने वरच्या खोलीतून, लॅपटॉपवर चाललेल्या त्या बैठकीत माझ्या दोन ऑर्डरींची चूक मांडली. नवे साहेब म्हणाले, चुकतंय ते एवढंच, की तपासणीपायी काम रखडतं. शिवाय अशा आजीबाई असतात तरी किती?

नितीन लॅपटॉप घेऊन तडक खाली आला, मला कॅमेऱ्यापुढे बसवलं आणि स्वतः हातांवर बसला. पंधरा माणसांदेखत मी औषध मागवलं, पत्ता वाचला, पुन्हा दाबलं. दोन ऑर्डरी गेल्या.

साहेब म्हणाले, "माँजी को समझा दीजिए, एक ही बार दबाना है."

"मी इंग्रजी घेऊन बी.ए. झाले आहे," मी म्हणाले. "समजवायचं तर तुमच्या ॲपला समजवा."

दुसऱ्या कंपनीकडून आलेली एक मुलगी हळूच म्हणाली, "मेरी मम्मी भी यही करती हैं." ती चूक दुरुस्त झाली. महिन्याभरात फेररचनेत तपासनिसांची पदं रद्द झाली. सगळ्यात आधी नितीनचं.

तो सामान बांधत होता तेव्हा मी विचारलं, हे हातांवर बसणं कुठून शिकलास?

दोरीची गाठ मारत तो म्हणाला, "थाटीपुरला आई एकटी असायची. तिला पहिला मोबाइल मीच दिला. ती चाचपडायला लागली, तर मी हातातून ओढून घेतला. म्हटलं, तुला नाही जमणार. नंतर तिने कधी हातच लावला नाही, काकू. शेजारचे उचलून तिच्या कानाला लावायचे. मी फोन करीन तेव्हाच आमचं बोलणं. तिला वाटलं म्हणून तिने मला कधी केला नाही."

नितीन आता इंदूरला असतो. कंपनीचं नाव बदललं, ॲपचंही. पण जाण्याआधी त्याने एक तपासणी लिहून ठेवली. ॲपमध्ये काहीही बदल केला, की आधी ती आपोआप चालते: ऑर्डर देते, मागे जाते, पत्ता वाचते, पुन्हा बटण दाबते आणि ऑर्डर एकच गेली ना, ते बघते. तिचं नाव त्याने 'काकू' ठेवलं आहे. बैठकीतली ती मुलगी मला अधूनमधून फोन करते. तपासणी अजून चालू आहे, म्हणते.