दिगूभाऊंचं शेवटचं प्रकरण

दिगूभाऊंना तुम्ही साधं "चहा घेणार का?" म्हणून विचारलं तरी ते सरळ उत्तर देत नाहीत. मान तिरकी करतात, डोळे बारीक करतात आणि म्हणतात, "पर्याय एक, घेतो. पर्याय दोन, नको म्हणतो, पण तू लई आग्रह करतोस. पर्याय तीन, गप बसतो आणि तुझ्यातला अर्धा पितो. निवड."

नवीन माणूस गोंधळून पहिला पर्याय निवडतो. आम्ही जुने. चहा आणून त्यांच्यापुढं ठेवायचो आणि आपल्या खुर्चीवर जाऊन बसायचो. मग मागून तक्रार ऐकू यायची, "अरे, निवडल्याबिगर गोष्ट पुढं कशी जाईल?"

त्यांचा दोष नव्हता. तो त्यांचा धंदाच होता. टीव्ही सेंटर चौकाजवळ खाली टाइल्सचं दुकान आहे, त्याच्या वर आमचं ऑफिस. आम्ही मोबाइलवर खेळायच्या गोष्टी बनवतो. खेळ म्हटलं की लोकांना गोळीबार आठवतो. आमच्यात तसलं काही नाही. पडद्यावर चित्र असतं, खाली पात्रं एकमेकांशी बोलतात, मध्येच दोन-तीन पर्याय येतात आणि तुम्ही निवडाल तशी गोष्ट वळते. गोष्ट लिहायचे दिगंबर वाकळे, म्हणजे आमचे दिगूभाऊ. चित्रं काढायची समीना. ते सगळं जोडून चालतं करायचो मी, केदार. आणि आम्हा सगळ्यांना वेळेत पळवायच्या रेणुका मॅडम, कारण ऑफिस त्यांचं.

बाकी सगळी पोरं पंचविशीतली. दिगूभाऊ पंचेचाळिशीच्या पुढचे, देवगाव रंगारी गावचे, डोक्यावर केस कमी आणि शर्टाच्या खिशात कायम दोन पेन. लिहायचे मात्र कॉम्प्युटरवरच. पेनं कशाला म्हणून विचारलं तर म्हणायचे, "धीर राहतो."

त्यांची एक सवय फार महागात पडायची. गेममधलं वाक्य खरं वाटतं का हे बघायला ते आधी जित्या माणसावर वापरून बघत, आणि त्या माणसाला आधी सांगत नसत. एकदा खाली उतरून त्यांनी टाइल्सवाल्या शेठला शांतपणे सांगितलं, "माझ्याच्यानं आता हे होत नाही. उद्यापासून मी येणार नाही." शेठ खुर्चीतून उठले, त्यांना पाणी दिलं, खांद्यावर हात ठेवला. दिगूभाऊ खूश होऊन वर आले. "वाक्य पास! माणूस उठून उभा राहिला!" मला एकदा म्हणाले, "केदार, तू लई दिवस झोपलेला दिसत नाहीस." मी दोन रात्री त्या काळजीनंच झोपलो नाही. मग तेच वाक्य गेमच्या तिसऱ्या प्रकरणात सापडलं.

आणि त्यांच्या गोष्टीत कुणी वाईट नसायचं. बंगळूरच्या ज्या कंपनीसाठी आम्ही काम करत होतो, तिचं म्हणणं होतं की गोष्टीतला साहेब जरा खडूस हवा. दिगूभाऊ ऐकेनात. "त्याच्या बी डोक्यावर कुणी असंल की," म्हणाले, आणि साहेबाला ॲसिडिटी देऊन मोकळे झाले.

त्या गेमचं नाव होतं 'खिडकीजवळचं टेबल'. एका जाहिरातीच्या ऑफिसात ईरा नावाची चित्रकार असते. एके दिवशी तिचा हात थांबतो. कागद समोर, पेन्सिल हातात, पण रेघ उमटत नाही. मग ऑफिसातली माणसं तिला कशी सांभाळून घेतात, चहा, डबे, गप्पा, अशी ती सगळी ऊबदार गोष्ट. खेळणाऱ्याला बरं वाटावं, रात्री नीट झोप लागावी, असा हिशेब.

बनवणाऱ्यांचं मात्र उलटं चाललं होतं. तारीख जवळ येत होती, सहा प्रकरणं तयार होती आणि सातवं, शेवटचं, दिगूभाऊंकडून येत नव्हतं.

रोज सकाळी मॅडम पर्स ठेवायच्या आधी विचारायच्या, "भाऊ, शेवटचं प्रकरण?"

"शिजतंय."

पहिला आठवडा सगळे हसले. दुसऱ्या आठवड्यात मॅडम म्हणाल्या, "भात असता तर एव्हाना करपला असता." तेव्हा कुणी हसलं नाही. तारीख चुकली तर बंगळूरची कंपनी करार मोडणार होती आणि त्यानंतर हे ऑफिस राहील का, हे कुणी उघड बोलत नव्हतं. मॅडम गॅलरीत फोनवर बोलायला लागल्या की आत सगळ्यांचे हात कीबोर्डवर थांबायचे. डबे खाताना बोलणं बंद झालं. दिगूभाऊंना चहाचं विचारणंही पोरांनी सोडून दिलं. ते एकटे कोपऱ्यात पडद्याकडं बघत बसायचे. पडद्यावर नुसतं 'प्रकरण सात' एवढंच लिहिलेलं.

समीना माझ्या शेजारी बसायची. ती जुन्याच चित्रांवर किरकोळ काम करत होती. एक खुर्ची काढायची, पुसायची, परत काढायची. उजव्या मनगटाला क्रेप बँडेज होतं. मध्येच उठून तोंड धुऊन यायची, डोळे लाल असायचे. मी विचारलं तर म्हणायची, "कुछ नै, स्क्रीन की गर्मी है."

शेवटी एका सोमवारी मॅडमनी सगळ्यांना मधल्या टेबलाभोवती बोलावलं. आवाज चढवला नाही, त्यामुळं जास्त भीती वाटली.

"शुक्रवारी गेम जायलाच पाहिजे. भाऊ, आज संध्याकाळपर्यंत प्रकरण माझ्या हातात द्या. नाही जमलं तर पुण्यातला एक जण तयार आहे. तो दोन दिवसांत लिहून देतो म्हणतोय. मग मात्र मला तुमचं काही करता येणार नाही."

सगळे दिगूभाऊंकडं बघायला लागले. मला वाटलं आता तरी हा माणूस हात जोडेल, मुदत मागेल.

"द्या त्याला," दिगूभाऊ म्हणाले.

मॅडमचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे?"

"म्हणजे द्या. मी काय नाय म्हणत नाही." एवढं बोलून ते उठले आणि जिना उतरून गेले.

मी मागोमाग धावलो. खाली टपरीवर ते भिंतीला टेकून उभे होते. मी भांडायच्या तयारीनंच गेलो होतो. म्हटलं, "दहा-बारा जणांच्या नोकऱ्या आहेत, भाऊ. तुम्हाला जमत नसेल तर आधी सांगायचं होतं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि बोलायला सुरुवात केली. आधी मला कळलंच नाही काय बोलतायत. मग लक्षात आलं, ते ईरा बोलतेय. मग तिची मैत्रीण बोलली, मग साहेब बोलला, ॲसिडिटीसकट. गच्चीवरचा सीन, जिन्यातला सीन, खिडकीतला सीन. अख्खं सातवं प्रकरण त्यांनी उभ्या उभ्या म्हणून दाखवलं. एक शब्द अडला नाही. टपरीवाला चहा गाळायचं विसरून ऐकत राहिला.

मी विचारलं, "हे लिहिलंय कुठं?"

"लिहिलं नाय."

"काहून?"

"लिहिलं की चित्रं लागतील. गच्ची लागंल, जिना लागंल, समद्यांचे नवे चेहरे लागतील. ते कोण काढणार?" त्यांनी आवाज खाली आणला. "समीनाचा हात बघितलास का? पेन धरला की थरथरतो. रात्री दुखतो म्हणती. आणि नुसता हात नाय दुखत, केदार. तिला आता चित्राची भीती वाटती."

"मग मॅडमना सांगायचं!"

"तिनं शपथ घातलीय. तिच्या घरी कमावणारी ती एकलीच. पुण्यात लिहिणारे हायत तसे चित्रं काढणारे बी असतील की. जवर मी लिहीत नाय, तवर तिच्यावर काम येत नाय. समदे माझ्यावर बोंबलतात. बोंबलू दे."

मी चहाचा ग्लास खाली ठेवला. "आणि आता पुण्याचा माणूस लिहिणार. दोन दिवसांत. मग चित्रं कोण काढणार, भाऊ?"

हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. त्यांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. रोज शंभर पर्याय देणाऱ्या त्या माणसाकडं तेव्हा एकही नव्हता. आम्ही तसेच वर आलो.

वर आलो तर लाइट गेलेली. पडद्यांवर ऊन पडू नये म्हणून आम्ही खिडक्यांना काळे कागद लावले होते, त्यामुळं भरदुपारी आत मिट्ट काळोख. कॉम्प्युटरच्या बॅटरीनं जरा वेळ टिट्-टिट् केलं आणि तीही गप्प झाली. आम्ही दारातच उभे राहिलो.

आतून आवाज यायला लागले. आधी कुणी तरी म्हणालं, "कुणाच्या डब्याला वास येतोय रे एवढा?" कुणी तरी हसलं. मग दुसरं कुणी, मग सगळेच. एकजण म्हणाला, त्याला काल स्वप्नात पण मीटिंग दिसली. मॅडमचा आवाज आला, "मला तर रोज दिसते." परत हशा. आणि त्यात समीनाचा आवाज, कितीतरी दिवसांनी मोकळा. "मेरेकू अंधेरे में अच्छा लगता. कोई कुछ बनाने कू नै बोलता."

दिगूभाऊंनी अंधारात माझा दंड धरला. चांगलाच घट्ट धरला.

"केदार, आपल्या गेममधली लाइट घालवता येती का?"

"म्हणजे?"

"पडदा काळा. समदं प्रकरण अंधारात. माणसं दिसायचीच नाहीत, नुसती बोलतील."

लाइट आल्यावर ते खुर्चीला जे चिकटले ते उठलेच नाहीत. शर्टाची बाही वर, तोंडानं संवाद पुटपुटत, कीबोर्ड बडवत. कुणी जवळ जायला धजत नव्हतं. मॅडम काचेच्या केबिनमधून बघत होत्या, हातात फोन. ऑफिस सुटायच्या वेळेला दिगूभाऊ म्हणाले, "वाचा."

मॅडमनी उभ्यानंच वाचलं. आम्ही सगळे भिंतीला लागून. ईराच्या ऑफिसातली लाइट जाते आणि जी माणसं सहा प्रकरणं तिला धीर देत होती, ती अंधारात कबूल करतात की तीही थकलीत. साहेबसुद्धा. शेवटी ईरा म्हणते, मी उद्या येणार नाही, आणि कुणीही तिला का म्हणून विचारत नाही.

"पडदा काळा ठेवला तर लोक म्हणतील गेम बिघडला," मॅडम म्हणाल्या.

"म्हणतील. जरा वेळानं गप ऐकत बसतील."

"आणि चित्र एकही नाही?"

"नाय."

मॅडमनी मान वर केली. त्यांची नजर दिगूभाऊंवरून सरकत समीनाच्या मनगटावर गेली आणि तिथंच थांबली. समीनानं हात टेबलाखाली घेतला. मॅडम वळल्या. गॅलरीत गेल्या, दार लावलं आणि बंगळूरला फोन लावला. दाराच्या फटीतून नुसत्या येरझाऱ्या दिसत होत्या. एकदा त्यांनी कपाळाला हात लावला, तेव्हा मला वाटलं संपलं.

आत आल्या तेव्हा आवाज बसला होता. "घेतायत. पण शेवटी लाइट आल्यावर एक चित्र पाहिजे म्हणतात. एक तरी."

"एक बी नाय!" दिगूभाऊ ओरडले. त्यांचा चढलेला आवाज आम्ही कधीच ऐकला नव्हता. मॅडमही दचकल्या.

समीना उठली. "दिगूभाई, बैठो आप. एक मैं करती. आहिस्ता करती, पर मैं करती." मग मॅडमकडं वळून म्हणाली, "उसके बाद मेरेकू छुट्टी होना, मॅडम. लंबी."

"पगारी देते," मॅडम म्हणाल्या. "आधीच मागायची होतीस गं."

समीनानं चित्र काढलं. रिकामं टेबल आणि कुणाचा तरी अर्धा राहिलेला चहा, बस. शुक्रवारी गेम गेला. लोकांनी खेळला, काहींनी खरंच बिघडला म्हणून कळवलं, बऱ्याच जणांनी शेवट आवडला म्हणून कळवलं. करार टिकला.

पुढच्या आठवड्यात दिगूभाऊ ऑफिसला आले नाहीत. फोनही लागेना. गारखेड्यात ते खोली घेऊन राहतात एवढं माहीत होतं. विचारत विचारत मी दुपारी तिथं पोचलो. त्यांनी दार उघडलं. अंगात कणकण असावी, खांद्यावर शाल होती. मला बघितलं, 'ये' पण म्हणाले नाहीत. आत वळले आणि ऑफिसच्या लॅपटॉपची बॅग आणून माझ्या हातात दिली.

"चार्ज करून ठेवलाय. चार्जर बी आत हाय."

"मी लॅपटॉप न्यायला नाही आलो, भाऊ. तुम्हाला बघायला आलो."

ते दारातच उभे राहिले. मग बाजूला झाले.

खोलीत एक खाट, एक खुर्ची, एक शेगडी. शाल सावरत ते बोलायला लागले. पूर्वी पुण्यात एका जाहिरात कंपनीत लिहायचे. एके दिवशी उठवेचना. आजारी नव्हते, नुसतं उठवत नव्हतं. दिवसच्या दिवस पडून राहिले. "फोन आला ऑफिसातून. मला बरं वाटलं, म्हटलं कुणाला तरी आठवण आली. तर म्हणाले, लॅपटॉप कधी आणून देताय." ते थोडं हसले. "माझी काय तक्रार नाय. त्यांचाच होता तो."

मी उठून शेगडी पेटवली. तांदूळ, डाळ सापडली, खिचडी टाकली. ते खाटेवर बसून सांगत राहिले, मीठ तिकडं, हळद त्या डब्यात. ताट एकच होतं. ते त्यांनी धुऊन माझ्यापुढं ठेवलं आणि स्वतः पातेल्यातच जेवायला बसले.

दोन घास खाऊन म्हणाले, "समीनाकडं जाऊन यावं म्हणतो. तू येशील का?"

"येतो की."

"तिची अम्मी विचारंल, काहून आलात. काय सांगायचं?"

"काही विचारणार नाहीत, भाऊ. बसा म्हणतील."

दिगूभाऊंनी हातातला घास खाल्ला. मग पातेलं उचललं आणि त्यातली बरीचशी खिचडी माझ्या ताटात वाढली.