कोणालाच ठाऊक नसलेलं उत्तर

मला फसवणारा हॅकर अजून जन्माला यायचाय! लोक पासवर्ड म्हणून कुत्र्याचं नाव ठेवतात. मी दर रविवारी पासवर्ड बदलतो. आणि तो विसरल्यावर विचारतात ना, तो गुप्त प्रश्न? त्याचं माझं उत्तर जगात एकालाही ठाऊक नाही. बायकोलासुद्धा नाही!

जुलैत सासूबाईंची, म्हणजे डोरीनची, सत्तरी. त्यांना हेरॉन लेकच्या काठावरची बेचाळीस नंबरची जागाच हवी होती. सासरे होते तेव्हा दर उन्हाळ्यात दोघांचा तंबू तिथेच पडायचा. बुकिंग पाच महिने आधी, ऐन बर्फात, सकाळी सातला उघडतं आणि चार मिनिटांत अख्खा काठ संपतो.

"मी आहे ना!" मी म्हणालो.

सहा पन्नासला लॅपटॉप उघडला आणि पासवर्डच आठवेना! तीनदा चुकलो, खातं बंद.

"गॉर्ड, काय झालं रे?" माझी बायको बेथ.

"काही नाही! तू कॉफी कर!"

मी गुपचूप बुकिंगवाल्यांना फोन लावला. बेथनं तो हिसकावला आणि स्पीकरवर टाकला. सासूबाई ओव्हनमधून बटर टार्ट, म्हणजे पाकानं भरलेल्या त्यांच्या त्या खास गोड वाट्या, काढत होत्या.

"गुप्त प्रश्न," फोनवरची बाई म्हणाली. "तुम्हाला अजिबात न आवडणारा पदार्थ?"

मी चोरून ओव्हनकडे पाहिलं. "दुसरा प्रश्न नाही का हो?"

"नाही."

"कोबी!" मी थाप मारली.

"चूक. आता एकच संधी."

"अरे, सांग ना!" बेथ किंचाळली. "सहा अठ्ठावन्न झाले! आईची जागा जाईल!"

मी डोळे मिटले. "डोरीनचे... बटर टार्ट."

"जरा मोठ्यानं बोला."

"डोरीनचे बटर टार्ट!!"

एकोणीस वर्षं मी ते चार-चार हाणत आलोय हो! वाह वाह करत!

"बरोबर!" बाई खूश. "पण तुमच्या घरच्यांनी उत्तर ऐकलं, आता नवं द्यावं लागेल. तुमची सर्वांत लाडकी व्यक्ती कोण? कोणाला ओळखता येणार नाही असंच सांगा हं."

"डोरीन!" मी जीव तोडून ओरडलो.

सासूबाईंनी माझ्यासमोरची टार्टची बशी उचलली. "घ्या लिहून, बाई," त्या म्हणाल्या. "हे कोणाच्या बापाला ओळखता यायचं नाही!"

जागा मिळाली. कोणाचा तंबू कुठे, ते जुलैत सासूबाईंनीच ठरवलं. माझा एकट्याचा, संडासाच्या दारात.