करवंदी मतदारसंघाची शेवटची सभासद

एका जंगलात, बाळांनो, वाघ म्हातारा झाला आणि निवडणुका सुरू झाल्या. दर पाच पावसाळ्यांनी जंगलातला प्रत्येक भाग आपला एक सभासद निवडून वडाखालच्या सभेत पाठवायचा. त्यातलाच एक भाग म्हणजे करवंदी. आज नकाशात शोधाल तर सापडायचा नाही. का, ते ऐका.

करवंदीच्या अंगाला मोठा ओढा होता. वैद्य नाना मुंगूस राहायचे ओढ्यापलीकडे. पावसाळ्यात ओढा फुगला की अलीकडच्यांनी आजारी पडायचं नाही, असा नियमच होता म्हणा ना. कौसाबाई सायाळीच्या नवऱ्यानं तो मोडला. श्रावणात त्याला ताप भरला. कौसाबाई तीन दिवस काठावर उभी राहून नानांना हाका मारत होती. पाण्याच्या आवाजात पलीकडे काहीच ऐकू गेलं नाही. चौथ्या दिवशी हाका मारायचं कारण उरलं नाही.

तेव्हापासून मत मागायला कोणीही आलं की ती एकच म्हणे, "ओढ्यावर साकव बांधा. छोटासा चालेल, पण बांधा."

पहिल्या निवडणुकीत रंगराव गवा बिनविरोध निवडून आला. त्याच्याविरुद्ध अर्ज भरणारं काळवीट आदल्या दिवशी त्याला भेटायला गेलं होतं, ते लंगडतच परतलं. रंगरावानं काठावर साकवाचा पायाचा दगड बसवला, दगडाला झेंडूचा हार घातला, भाषण केलं, आणि जाता जाता हार खाऊन टाकला.

पुढच्या खेपेला दामूअण्णा कोल्हा आला. "तो दगड अपशकुनी आहे," तो म्हणाला आणि त्यानं शेजारी दुसरा बसवला. मग आला फांदीकर वानर. निवडून येताच तो डाव्या फांदीवरून उजव्या फांदीवर गेला. त्यामुळे पोटनिवडणूक झाली आणि तीत तोच पुन्हा निवडून आला. दोनदा निवडून आला म्हणून त्यानं दगडही दोन बसवले.

शेवटी कौसाबाईनं स्वतःच अर्ज भरला.

"काकी, तुला कोण मत देणार गं?" येसू सशानं विचारलं.

"ज्याला पावसाळ्यात ताप येऊ शकतो, तो," कौसाबाई म्हणाली.

ती अकरा मतांनी निवडून आली. सभेत जाऊन तिनं साकव मागितला. कारकून खारीनं दप्तर चाळलं. "करवंदीत चार साकव झाल्याची नोंद आहे, बाई. पाचवा कशाला?"

कौसाबाई तशीच माघारी आली. तिनं रानडुकरांना हाताशी धरलं आणि चारही पायाचे दगड ओढ्यात लोटले. त्यांच्यावर सागाचे ओंडके टाकले. नऊ दिवसांत साकव उभा राहिला. पहिल्यांदा ती स्वतः चालत गेली, ती थेट नानांच्या दारात.

"काय होतंय?" नानांनी विचारलं.

"काही नाही. येता येतं का, एवढंच बघायला आले," ती म्हणाली आणि तिथंच खाली बसून पोटभर रडली.

महिन्याभरात हद्दी ठरवणारी समिती आली. समिती म्हणजे तीन बगळे. साकवावर एका पायावर उभं राहून त्यांनी विचार केला. मग थोरला बगळा म्हणाला, "ओढा ओलांडता येत नव्हता, म्हणून करवंदी वेगळी होती. आता येतो. तेव्हा मतदारसंघ रद्द. तुम्ही पलीकडच्या मोहवाडीत सामील."

"काम झालं म्हणून मतदारसंघ रद्द?" कौसाबाईनं विचारलं.

"कामं होत नव्हती तोवर आम्ही हात लावला होता का?" बगळा म्हणाला.

करवंदीत हाहाकार उडाला. आता प्रचार नाही, मिरवणूक नाही, उमेदवारांची जेवणावळ नाही! दामूअण्णा कोल्हा धावून आला. "हिनं आपली अस्मिता ओढ्यात बुडवली!" तो गरजला. दुसऱ्या दिवशी मोर्चा निघाला. सगळ्यांत पुढे येसू ससा. घोषणा होती, "साकव तोडा, करवंदी जोडा!"

कौसाबाई साकवाच्या तोंडाशी काटे फुलवून बसली. मोर्चा तिच्यापासून दहा पावलांवर बसला. असे चार दिवस गेले. पाऊस लागला, ओढा दोन्ही काठ भरून वाहू लागला.

पाचव्या दिवशी सकाळी येसूची बायको रडत आली. धाकट्याचं अंग तापानं भाजत होतं. येसूनं फलक खाली ठेवला, पोराला पाठीवर घेतलं आणि कौसाबाईसमोर येऊन उभा राहिला. त्याला तिच्याकडे बघवेना.

कौसाबाईनं काटे मिटले आणि ती बाजूला सरली.

दुपारी येसू परत आला. पोर शुद्धीवर होतं, पाला चघळत होतं. येसूनं ते बायकोकडे दिलं, कान झटकले आणि पुन्हा फलक उचलला.

"मग? तोडायचा ना साकव?" दामूअण्णानं विचारलं.

"तोडायचाच! करवंदीच्या मानाचा प्रश्न आहे," येसू म्हणाला. मग जरा कोल्ह्याच्या कानाशी लागला. "फक्त परवा तोडू या, अण्णा. उद्या औषध बदलून आणायचंय."

तात्पर्य : लोकांचं काम जरूर करावं, पण पुरं करू नये. अपुऱ्या कामाला मतदारसंघ मिळतो. पुऱ्या कामाला मोर्चा.